अंधारांतला नीरक्षीरविवेक

छंद कोणता चांगला व कोणता वाईट, हा वाद आपल्या एकत्र कुटुंबांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आमच्या वडिलांच्या लहानपणीं पेटी वाजविणें हें मुलगा वायां गेल्याचें लक्षण समजत. आमच्या लहानपणीं तोच मान क्रिकेटला मिळाला. आतां एका नव्या छंदाची भर पडली आहे. सुशिक्षित घरांतील कांहीं तरुण अमावास्येच्या सुमारास पेट्या-पेटारे घेऊन गांवाबाहेर जातात, रात्रभर यंत्राशेजारीं बसतात, आणि पुढें आठवडाभर संगणकापुढें बसून एक चित्र सिद्ध करतात. चित्रांत काय, तर नुसत्या डोळ्यांना कधींच न दिसणारी एखादी दूरची दीर्घिका! एका वाचक गृहस्थांनीं आम्हांस पृच्छा केली आहे कीं, यांत शास्त्र किती, चित्रकला किती, आणि निद्रानाश किती? प्रश्न रास्त आहे, व त्याचा विचार थोडा सविस्तर करणें अवश्य आहे.

आम्ही राहतों तें तामलवाडी गांव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास नोकरीला असून या छंदापायीं थंडीच्या दिवसांत महिन्या-दोन महिन्यांनीं आमच्याकडे येतात. त्यांचें काम शेतांत चालतें, आणि आम्ही घोंगडी पांघरून जवळ बसतों. त्यामुळें जें पुढें सांगणार आहों तें ऐकीव नव्हे.

प्रथम आकाशाची ओळख. कार्तिक-मार्गशीर्षांत संध्याकाळीं उत्तराभाद्रपदांचा तारा वर आला म्हणजे त्याच्या ईशान्येस देवयानीच्या तारका एका ओळींत दिसतात. शर्मिष्ठा, ययाति व वृषपर्वा हीं त्याच कथेंतील मंडळी तिच्या शेजारींच आहेत. देवयानीच्या कमरेवरून दोन फिक्या तारकांच्या आधारानें वर सरकलें कीं एक धुकट ठिपका लागतो. नवी वधू अरुंधती पाहते ती जशी जवळच्या ठळक ताऱ्याच्या खुणेनें, तसाच हा मार्ग. आपल्या शास्त्रकारांनीं ज्याला अरुंधतीदर्शनन्याय म्हटलें, तो येथें अक्षरशः उपयोगी पडतो. हा ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका. इसवी सन ९६४ च्या सुमारास अल्-सूफी या इराणी ज्योतिष्यानें त्याची नोंद केली आहे. तो प्रकाश तेथून निघाल्याला सुमारें २५ लाख वर्षें झालीं. त्या वेळीं आजचा मानव पृथ्वीवर जन्मलाच नव्हता.

नुसत्या डोळ्यांनीं दिसणारी ही जवळजवळ शेवटची वस्तु. यापलीकडच्या हजारों दीर्घिका इतक्या अंधुक आहेत कीं मोठ्या दुर्बिणींतूनही त्या राखाडी धुरासारख्या दिसतात. कारण असें कीं, डोळा प्रकाश साठवून ठेवूं शकत नाहीं. क्षणभर पाहिलें काय आणि तासभर पाहिलें काय, डोळ्याच्या पदरीं तेवढेंच पडतें. छायाचित्राची गोष्ट निराळी. थेंबाथेंबानें रांजण भरावा तसा तेथें प्रकाश सांचत जातो.

हें सामर्थ्य प्रथम ठळकपणें दाखविलें तें आयझॅक रॉबर्ट्स या वेल्श हौशी गृहस्थानें. त्यानें १८८८ च्या डिसेंबरांत २० इंची दुर्बिणीनें देवयानीचें छायाचित्र घेतलें आणि तिचे वळसे जगापुढें आले. चित्र खरें होतें, अर्थ मात्र चुकला. कारण ती एक नवी सूर्यमाला घडत आहे असें रॉबर्ट्सनें मानलें. खरा अर्थ कळण्यास ३५ वर्षें लागलीं. १९२३ च्या ऑक्टोबरांत एडविन हबल यानें माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीनें त्याच ठिपक्यांत तेज कमी-अधिक होणारा एक तारा पकडला, त्यावरून अंतर काढलें, आणि हा ठिपका आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडे आहे हें सिद्ध केलें. प्रामाणिकपणें घेतलेलें चित्र अर्थ चुकला तरी वायां जात नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आमच्या महाराष्ट्राचाही या कामाशीं जुना संबंध आहे. त्याच १८८८ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिच्यासाठीं आणलेली २० इंची दुर्बीण हिंदुस्थानांत त्या काळीं सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, त्याचीं छायाचित्रें त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें घेतलीं. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही त्याच गांवीं उतरली होती. १९१२ सालीं नायगांववाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर विद्या गांव सोडून जाते, ही आपली जुनी खोड. पुढें १९४४ सालीं पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांना घर मिळालें, हें आपलें भाग्य.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवला तर तारे ठिपक्यांऐवजीं रेघा उमटवितात. यासाठीं यंत्राचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करून तें ताऱ्यांच्या गतीनें फिरवावें लागतें. तामलवाडीहून ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा १८ अंश वर असतो. धुळीनें किंवा ऊंस तोडल्यावर जाळलेल्या पाचटाच्या धुरानें तो झांकला कीं पहिला तास मांडणींतच जातो. मांडणी झाल्यावर तीन-तीन मिनिटांचीं चित्रें घेत जावयाचीं. शंभर चित्रें म्हणजे पांच तास. एकच पांच तासांचें चित्र कां नाहीं? तर वाऱ्याची झुळूक, एखादें विमान किंवा उपग्रह सारी मेहनत मातींत घालील. शंभरांतलें एक बिघडलें तर तेवढेंच टाकतां येतें.

परंतु खरें कारण याहून सूक्ष्म आहे. प्रत्येक चित्रांत दीर्घिकेच्या प्रकाशाबरोबर यंत्राचा व आकाशाचा कोलाहलही मिसळलेला असतो. दीर्घिका दर चित्रांत त्याच जागीं राहते, कोलाहल मात्र दर वेळीं निराळा उमटतो. शंभर चित्रें एकावर एक बसवून सरासरी काढली कीं कोलाहल दहावा हिस्सा उरतो आणि दीर्घिका तशीच राहते. तो आणखी निम्मा करावयाचा तर चित्रें चारशें लागतात. निम्म्यासाठीं चौपट कष्ट, असा हा कठोर हिशेब आहे. शिवाय दुर्बिणीचें तोंड झांकून तितक्याच वेळाचीं काळीं चित्रें घ्यावयाचीं, म्हणजे यंत्राचा स्वतःचा दोष कळतो. एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचीं चित्रें घ्यावयाचीं, म्हणजे भिंगावरची धूळ व कडांचा अंधार कळतो. हे दोष उणे केल्यावर जें उरतें तें दीर्घिकेचें. हंस पाण्यांतून दूध वेगळें काढतो असें आपण वाचीत आलों. हा नीरक्षीरविवेक गणितानें होतांना आम्हीं येथें पाहिला.

या वेळीं घरांत वाद माजतो. गेल्या वर्षीं चिरंजीवांनीं सप्तर्षींच्या शेंपटीजवळच्या एका वळसेदार दीर्घिकेचें चित्र दाखविलें. १८४५ सालीं आयर्लंडांत लॉर्ड रॉस यानें सहा फूट व्यासाच्या दुर्बिणींतून जिचे वळसे प्रथम पाहून हातानें काढले, तीच ही. चित्रांत निळ्या-तांबूस छटा पाहून आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, “अरे, डोळ्यांना जें राखाडी दिसतें त्याला हे रंग तूं कोठून आणलेस?” चिरंजीव म्हणाले, “काकू, अंधारांत आपल्या डोळ्यांना रंग कळतच नाहींत. चांदण्यांत तुमचें हिरवें लुगडें राखाडीच दिसतें. म्हणून तें हिरवें नाहीं काय? निळे तारे नवे आणि तापलेले, तांबूस ठिपके हायड्रोजन वायूचे. मीं फक्त अंधुक होतें तें उजळ केलें.” उत्तर आम्हांस पटलें. अंधुक उजळ करणें ही लबाडी नव्हे. बारीक अक्षर चष्म्यानें वाचण्यासारखेंच तें आहे.

खरी कसोटी दुसऱ्याच दिवशीं आली. आजकाल अशा संगणकीय आज्ञावल्या निघाल्या आहेत कीं त्या अस्पष्ट चित्र आपल्या मनानें रेखीव करतात. हजारों चित्रें शिकविलेली यंत्रबुद्धि ‘येथें वळसा असावा’ असें ठरवून तो काढूनही टाकते. चिरंजीवांनीं तसा एक नमुना गंमतीखातर केला होता. घरच्या मंडळींना दोन्हीं चित्रें दाखविलीं, तेव्हां बहुतेकांनीं त्या दुसऱ्यालाच पसंती दिली. एका स्पर्धेची मुदत जवळ आली होती, व बक्षिसाची आशाही होती. “हेंच पाठव रे,” असा चोहोंकडून आग्रह झाला. चिरंजीव म्हणाले, “यांतले हे तीन धागे माझ्या एकाही मूळ चित्रांत नाहींत. ते आकाशांतून आलेले नाहींत.” आणि त्यांनीं पहिलें, अंमळ मंद चित्रच पाठविलें. बक्षीस मिळालें नाहीं. आमच्या मतें त्या रात्रीं घराची अब्रू बक्षिसाहून अधिक राखली गेली. दुधांतून पाणी काढणें हा विवेक. दुधांत पाणी घालणें हा गवळ्याचा धंदा, मग तें पाणी कितीही स्वच्छ असो.

कोणी म्हणेल, हौशी माणसाच्या चित्रांत तीन धागे अधिक असले तर जगाचें काय अडतें? अडतें. २०२२ सालीं मार्सेल ड्रेक्स्लर, झेव्हियर स्ट्रॉटनर व यान सँटी या तीन हौशी मंडळींच्या चित्रांत देवयानीच्या शेजारीं प्राणवायूच्या प्रकाशाचा एक प्रचंड निळसर कंस दिसला. ज्या दीर्घिकेचीं चित्रें शतकभर घेतलीं गेलीं, तिच्या बगलेंतली ही वस्तु कोणाला दिसली नव्हती! पुढें व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या साह्यानें तिची तपासणी झाली व १९ व्या शतकापासून पाहिलेल्या आकाशांत २०२३ सालीं एक नवी नोंद प्रसिद्ध झाली. त्या मंडळींनीं तो डाग नको असलेला उजेड समजून पुसला असता, तर शोध गेला असता. आणि त्यांची कीर्ति मनाचे धागे घालणारांची असती, तर विश्वास बसला नसता. नसलेलें घालणें व असलेलें पुसणें, दोन्ही सारखींच पापें.

खर्चाविषयीं दोन शब्द. सुरुवातीला मोठी यंत्रसामग्री घेऊं देऊं नये. साधी द्विनेत्री व पंचांग यांवर एक हिंवाळा काढावा. पंचांगाचा येथें उत्तम उपयोग होतो: कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो म्हणून पूर्वरात्र मोकळी, शुक्ल अष्टमीला तो मध्यरात्रीं मावळतो म्हणून उत्तररात्र मोकळी, कोजागरी मात्र दुधासाठींच ठेवावी. एक हिंवाळा ज्याचा उत्साह टिकला, त्यालाच कॅमेरा व फिरतें यंत्र घेऊन द्यावें.

शेवटीं एक गोष्ट वडील मंडळींच्या हातांतली आहे. या छंदाचें भांडवल अंधार होय, आणि तो झपाट्यानें संपत आहे. तामलवाडीहून दक्षिणेस सोलापूरच्या दिव्यांची आभा क्षितिजावर पसरलेली असते. देवयानी सुदैवानें आमच्या उत्तरेकडून, ६६ अंशांवरून जाते, म्हणून निभावतें. पण गांवांत लागणारे नवे पांढरे दिवे निम्मा उजेड आभाळाला देतात, त्यानें ना वाट उजळते ना चोर दिसतो. विदर्भांतील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्यें देशांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हां आसपासच्या खेड्यांतील दिव्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविण्यांत आलीं. दिवा बंद करा असें कोणी म्हणत नाहीं. त्याला टोपी घाला, एवढेंच मागणें आहे. ग्रामपंचायतींत असा अर्ज देण्यास पदवी लागत नाहीं.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. गणितांत आमची गति बेताची. परंतु ज्या छंदानें तरुण माणूस रात्रभर धीर धरावयास शिकतो, यंत्राचा दोष स्वतः शोधून उणा करतो, आणि टाळ्या मिळत असतांही नसलेली रेघ काढीत नाहीं, त्या छंदाला वाईट म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. वाचक गृहस्थांस आमचें उत्तर हेंच: मुलाला जागूं द्यावें, पहाटे त्याला गरम चहा द्यावा, आणि चित्र दाखविलें म्हणजे ‘सुंदर आहे’ म्हणण्यापूर्वीं ‘यांत आकाशाचें किती आणि तुझें किती?’ एवढें अवश्य विचारावें.