अंधेरीतच राहा, पण बालेवाडीला येत जा

मुंबई सिटी एफसीच्या व्यवस्थापनास,


क्लब मुंबईचा आणि पत्र अहिल्यानगरहून, याचं नवल वाटलं असेल. २०१९ पर्यंत आम्ही एफसी पुणे सिटीचे होतो. त्या वर्षी आमचा क्लब बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादने करंडक उचलला, तेव्हा आनंद करावा की हळहळावं हेच कळेना. २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला गेला. २०१९ च्या आधी पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स येऊन गेले होतेच. भारत एफसी तर आय-लीगचा एकच हंगाम टिकला. तेव्हा आमची निष्ठा फिरती वाटली, तरी फिरलो आम्ही नाही, क्लब फिरले.

म्हणून तुम्ही मैदान बदललं की आमचे कान टवकारतात. २०१४ आणि २०१५ ला तुम्ही नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतात, २०१६ पासून अंधेरीला आलात. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या वेळी अंधेरीचं मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसेना, म्हणून १८ सप्टेंबर २०२३ ला इराणच्या नस्साजीविरुद्धचा ‘घरचा’ सामना पुण्याच्या बालेवाडीत झाला. सोमवार, हरतालिका, दुसऱ्या दिवशी गणपती! मूर्ती आणायची, मखर पुरं करायचं, अशा संध्याकाळी अंधेरी-बोरिवलीच्या पोरांनी एक्स्प्रेसवेने पुण्याला यायचं. आणि पाहायला काय मिळालं, तर ०-२. ६ नोव्हेंबरला सौदीच्या अल-हिलालचा सामना तुम्ही पुन्हा नेरूळला नेलात, कारण गर्दी मोठी होणार होती. त्यांच्या नेमारची वाट पाहत होते लोक. तो आधीच गुडघा दुखावून बसला होता. तरी गर्दी झाली, ते खरं.

आता आमचा स्वार्थ सांगतो. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. माळीवाड्याहून सकाळी एसटी धरली, वाघोलीच्या कोंडीत तासभर गेला, तरी दुपारी वाकडेवाडीला उतरता येतं. अंधेरीचा सामना म्हणजे मात्र दोन दिवसांची सुट्टी आणि कुणा नातेवाइकाकडे मुक्काम. तुम्ही कायमचे बालेवाडीत आलात तर आमच्याइतकं सुख कुणालाच होणार नाही.

तरीही सांगतो, येऊ नका.

अंधेरीचं मैदान लहान आहे, सात-आठ हजारांचं. पण स्टँडमधून दिलेली हाक लेफ्ट बॅकला ऐकू जाते. तुमच्या चाहत्यांच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’चे लोक तिथे उभं राहून गातात, आणि लोकलने घरी जातात. नेरूळचं मैदान भव्य, पण ते क्रिकेटचं. पहिली रांगही खेळापासून लांब पडते. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीही तसंच, मध्ये धावपट्टी. आमच्या पुणे सिटीच्या ‘ऑरेंज आर्मी’चा आवाज त्या धावपट्टीवरून पलीकडे जाईस्तोवर निम्मा व्हायचा, हे आम्ही अनुभवलंय.

आणि तुमचं पहिलं विजेतेपद आठवा. २०२०-२१ चा तो हंगाम महामारीमुळे सगळाच्या सगळा गोव्यात, रिकाम्या स्टँडपुढे खेळला गेला. शील्ड आणि करंडक दोन्ही मिळाले, पण ते उचलताना समोर आपलं माणूस नव्हतं. संघ कुठल्याही गवतावर जिंकू शकतो, हे व्यवस्थापनांना तेव्हापासून फारच पटलेलं दिसतं.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी सरळ नवा क्लब काढला आणि खालच्या पायरीपासून खेळत २०२० मध्ये आपल्या मूळ परिसरात, प्लाउ लेनला परतले. आपल्याकडे तसं होत नाही. आपल्याकडे माणसं गुपचूप टीव्हीवर प्रीमियर लीग लावतात. पुण्यात नेमकं हेच झालं.

तेव्हा मागणी अशी. महापालिकेशी बसून अंधेरीचं मैदान आशियाई दर्जाचं करून घ्या, म्हणजे पुन्हा पात्र ठरलात तर घरचा सामना घरी होईल. आणि वर्षातून एक सामना, लीगचा, खरे गुण पणाला लागलेला, बालेवाडीत ठेवा. त्याची तारीख हंगाम सुरू होण्याआधी जाहीर करा. सामना रविवारी ठेवा आणि जमलं तर पाच वाजता. साडेसातचा सामना संपवून वाकडेवाडीला पोचेपर्यंत अकरा वाजतात, आणि बरोबर शाळेतली पोरं असतात. नगर, सोलापूर, सातारा, कोल्हापूर इथल्या शालेय संघांसाठी एक स्टँड राखून ठेवा, तिकीट स्वस्त ठेवा. कोल्हापूरकरांना तर सांगायलाच नको, शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहून तयार झालेले कान आहेत ते. तुमच्या संघाला अख्खा सामनाभर सल्ला देतील.

गाडीभाड्याचं आम्ही पाहतो. तारीख तेवढी कळवा.

आपले,
नगरचे काही फुटबॉलवेडे