आखाताचा व्हिसा : आधी कागद, मग पैसा

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. ग्रे कापडाचा तागा दुकानात आला की आम्ही तो उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, सुताचा काउंट विचारतो, उजेडात धरून डाग आहे का ते बघतो आणि मगच चलनावर सही करतो. आमचेच काय, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी कुठल्याही पेठेत हीच रीत आहे. परंतु काही हजारांच्या मालासाठी एवढी खबरदारी घेणारा आपला माणूस मुलाला आखातात पाठवताना लाख-दीड लाख रुपये एजंटाच्या हातावर ठेवतो आणि साधी पावतीसुद्धा मागत नाही. याच विषयावर आज आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी दोन शब्द बोलायचे आहेत.

हे आम्ही दुसऱ्याला शिकवण्यासाठी लिहीत नाही. चूक आमच्याही हातून झाली आहे.

2009 सालची गोष्ट. आमच्याकडून कापड नेणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या मास्तरांचा मुलगा रियाधला निघाला होता. टेलरचे काम, राहणे-खाणे मालकाचे, असे मुंबईच्या एका एजंटाने सांगितले होते. मास्तरांनी घरातले दोन माग विकले, सुनेच्या बांगड्या मोडल्या आणि तरीही पैसे कमी पडले तेव्हा पंचवीस हजार आमच्याकडून उसने नेले. जाण्याच्या आदल्या दिवशी मुलगा सलाम करायला दुकानात आला. म्हणाला, "चाचा, व्हिसा अरबीत आहे. काय लिहिले आहे, जरा बघा." आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. अरबी भाषा येत नाही, पण लिपी वाचता येते. टेलरला अरबीत 'खय्यात' म्हणतात एवढे ठाऊक होते. तो शब्द तिथे नव्हता. तिथे होते 'राई गनम'. म्हणजे शेळ्या-मेंढ्या राखणारा.

आम्ही ते त्याला सांगितले. त्याने एजंटाला फोन लावला. एजंट म्हणाला, "ते फक्त कागदावर असते, काम टेलरचेच मिळेल." मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही काय करावे? माग विकले गेले होते, तिकीट खिशात होते, घरी पाहुणे जमले होते. आम्ही म्हणालो, "त्याला माहीत असेल, बेटा." हे वाक्य आम्हाला अजून बोचते. मुलगा अकरा महिने वाळवंटात मेंढ्यांमागे फिरला. पगार मिळाला तीन महिन्यांचा. त्या काळी कफीलच्या संमतीशिवाय देश सोडता येत नसे. वकिलातीत खेटे घालून शेवटी तो रिकाम्या हाताने परत आला. आमचे पंचवीस हजार आम्ही माफ केले, पण त्याने मास्तरांचे माग परत आले नाहीत.

आता यातला कायद्याचा मुद्दा पाहा. व्हिशावर जो धंदा लिहिला तोच तिकडे खरा. सौदी अरेबियाच्या 2005 च्या कामगार कायद्यातून घरनोकर आणि खाजगी मेंढपाळ वगळलेले होते. म्हणजे टेलर म्हणून गेलेल्याला पगार, सुटी, कामाचे तास यासाठी जे दार ठोठावता येते, ते मेंढपाळ म्हणून गेलेल्याला त्याच रीतीने उघडत नाही. एक शब्द बदलला की माणसाचा हक्कच बदलतो. म्हणून काही शब्द प्रत्येक घराने पाठ करून ठेवावेत : 'खय्यात' म्हणजे शिंपी, 'साइक' म्हणजे ड्रायव्हर, 'साइक खास' म्हणजे घरचा ड्रायव्हर, आणि 'आमिल' म्हणजे मजूर. आपल्या उर्दूत आमिल म्हणजे ताईत-गंडे देणारा. अरबीत मात्र तो ओझे उचलणारा, हे जाण्यापूर्वी कळलेले बरे. 2023 पासून भारतीयांसाठी सौदीचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवण्याऐवजी क्यूआर कोड असलेल्या कागदावर मिळतो. वाचायला तो अधिक सोपा आहे, परंतु वाचला तरच!

दुसरा प्रश्न पैशाचा. आपल्याकडे 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. त्यानुसार सरकारकडे नोंदणी केलेल्या एजंटालाच परदेशी नोकरीसाठी माणसे भरता येतात. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत तपासता येतो. तो तपासणे म्हणजे दहा मिनिटांचे काम. एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच शुल्क घेता येते, आणि तेही पावती देऊन. गल्लीतला जो 'सब-एजंट' आपल्या ओट्यावर बसून चहा पितो आणि पासपोर्ट गोळा करतो, त्याला कायद्यात जागाच नाही. शिवाय सौदी कायद्याप्रमाणे कामगाराला आणण्याचा, इकाम्याचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च मालकाचा आहे. अमिरातीच्या 2021 च्या कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मनाई आहे. मग आमचा सवाल असा की, हे दीड लाख कशाचे? जो व्हिसा मालकाने फुकट द्यायचा, तो इथे विकला जातो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आणि हे दीड लाख कुठून येतात? महिना शेकडा तीन दराने सावकाराकडून काढले तर महिन्याला साडेचार हजार नुसते व्याज. दोन वर्षांच्या करारात एक लाख आठ हजार व्याजातच गेले आणि मुद्दल तसेच उभे! मुलगा तिकडे कमावतो ते घरासाठी नव्हे, सावकारासाठी.

'आझाद व्हिसा' हाही असाच एक धोका. कफीलला पैसे द्यायचे आणि काम दुसरीकडे शोधायचे. आझाद हा शब्द गोड आहे, पण असा व्हिसा कुठल्याच सरकारी दफ्तरात नाही. 2013 साली सौदी सरकारने निताकत मोहिमेत कागद तपासायला सुरुवात केली तेव्हा एका मालकाच्या नावावर येऊन दुसऱ्याकडे राबणारे हजारो भारतीय कामगार एका मोसमात अडचणीत आले. मुदतीत कागद दुरुस्त करा किंवा घरी जा, असा हुकूम होता. टूरिस्ट व्हिशावर जाऊन काम करणाऱ्याची गतही वेगळी नाही. अमिरातीने 2024 मध्ये परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत नेला. असा मालक उद्या माणसाला ओळख तरी दाखवील काय?

कागदाची किंमत संकटात कळते. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतमध्ये फौजा घातल्या, तेव्हा आपल्या लोकांना कसे परतावे लागले हे कोकणातल्या कित्येक घरांना आठवते. पुढे 1991 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने भरपाईसाठी आयोग नेमला आणि भारतीय कामगारांनीही दावे केले. तिथे होतो, काम करत होतो, याचा पुरावा ज्याच्या हाती होता त्याचे काम सोपे झाले. ज्याचे सारे तोंडी होते तो कचेरीच्या रांगेत राहिला. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. आपण ती उधारीच्या वहीपुरती ठेवली, नोकरीच्या कराराला लावली नाही.

परदेशी जाऊच नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आखाताच्या कमाईने घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले शिकली. पण जाणाऱ्याने हातात हुन्नर घेऊन जावे. मागावरचे कसब तिकडे चालत नाही, म्हणून आपला चांगला विणकर तिकडे 'आमिल' होतो. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा धंद्यांसाठी सौदीने अलीकडे इथेच कसबाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली आहे. वर्ष-दोन वर्षे आयटीआयमध्ये घालवलेली त्या परीक्षेत कामी येतात. दहावी पास व्हावे हेही महत्त्वाचे. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येतो आणि आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी अडचण नसून आडोसा आहे, कारण तीत करार पाहिला जातो. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये हप्त्यात दहा लाखांचे विमा संरक्षण मिळते. पानपट्टीवर महिन्याला याहून जास्त उडतात.

शेवटी व्यापारी बांधवांसाठी. कारागीर निघताना पैसे मागायला आपल्याच दुकानाची पायरी चढतो. तेव्हा नाही म्हणू नये, पण चार कागद मागावेत : एजंटाचा नोंदणी क्रमांक, पैशाची पावती, पगार आणि धंदा लिहिलेला करार, आणि व्हिशाची प्रत. व्हिसा आणि करार यांतला धंदा एकच आहे का, ते गादीवर बसून वाचावे. दोन्हींत फरक असेल तर पैसे देऊ नयेत, आणि का देत नाही ते त्याच्या वडिलांना समोर बसवून सांगावे. त्या दिवशी वाईटपणा येईल. कागदांची एक एक प्रत घरी आणि एक दुकानात ठेवावी.

मास्तर आजही आमच्याकडून कापड नेतात. मुलगा आता गावातच शिलाईचे दुकान चालवतो. गेल्या वर्षी त्याने आपल्या भाच्याचा व्हिसा आमच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "चाचा, या वेळी नीट वाचा." आम्ही चष्मा लावला आणि करार शेजारी ठेवून दोनदा वाचला. दोन्हीकडे 'कहरबाई' होते, म्हणजे इलेक्ट्रिशियन. मगच आम्ही चेक फाडला.