डोपामाइन, खर्रा आणि आपले दुकान



हल्ली मोबाइलवर 'डोपामाइन उपवास'चा फार बोलबाला आहे. दोन दिवस फोन बाजूला ठेवा, मेंदूतले डोपामाइन धुऊन निघेल, असे सांगतात. तसे काही नसते. डोपामाइन म्हणजे कचरा नव्हे. मेंदू ते स्वतः तयार करतो, आणि ते तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्या की कंपवात होतो: हात थरथरतो, चाल मंदावते. मेंदूतील या रसायनाचे काम स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकात दाखवले. २००० साली त्यांना नोबेल मिळाले.

दुसरा गैरसमज म्हणजे ते 'सुखाचे रसायन' आहे. खरे तर ते सुखापेक्षा ओढीचे आहे. 'पुन्हा हवे' हा निरोप ते देते. कंपवाताच्या काही औषधांमुळे सरळमार्गी माणसालाही जुगाराची अनावर ओढ लागू शकते, हे डॉक्टरांनी पाहिले आहे. आपल्या सप्तव्यसनांत पहिले नाव जुगाराचेच. म्हणजे व्यसनी माणूस जन्मतः वाईट नसतो. त्याच्या मेंदूतली ओढ बिघडलेली असते.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात ही ओढ खर्र्याच्या पुडीत मिळते. सुपारी, तंबाखू, चुना घोटला की झाला खर्रा. तंबाखूतले निकोटिन मेंदूत डोपामाइन सोडायला लावते. रोज तसे झाले की मेंदू त्यालाच सरावतो. मग पुडी नसली की चिडचिड, डोकेदुखी, कामात लक्ष नाही. खाणाऱ्याला वाटते, खर्र्याने बरे वाटते. प्रत्यक्षात खर्र्यानेच लावलेली तळमळ खर्रा तेवढ्यापुरती शमवतो. शरीराचे नुकसान वेगळेच. सुपारीने तोंड उघडेनासे होते आणि सुपारी व तंबाखू दोन्ही कर्करोग घडवतात.

आता आपल्याबद्दल बोलू. आपल्यातल्या अनेक घरांचा व्यवसाय किराण्याचा. घरात आपण रात्रिभोजन टाळतो, कंदमुळे टाळतो, पाणी गाळून पितो. मग गल्ल्यावरून सुपारी-तंबाखू विकणे कोणत्या अहिंसेत बसते? श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. 'आम्ही खात नाही, फक्त विकतो' हे उत्तर मला पटत नाही. 'आपण नाही विकले तर शेजारचा विकेल' हेही नाही. पाप वाटून घेतल्याने आपला वाटा संपत नाही.

पोटाचा प्रश्न खरा आहे, हे मान्य. तंबाखूसाठी आलेले गिऱ्हाईक मीठ-तेलही घेऊन जाते. पण याच जिल्ह्यात बायाबापड्यांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी झाली. तेव्हाही धंद्याचे काय, हा प्रश्न होताच.

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी माल भरून ठेवावा लागतो. त्याच सुमारास आपला चातुर्मास येतो. मालाच्या यादीत तांदूळ, मीठ, तेल यांच्या खाली तंबाखू लिहायची की नाही, हे आपल्याच घरात ठरते. यंदा चार महिने ती ओळ गाळण्याचे पच्चक्खाण घेऊया.

घरात कुणी खर्रा खात असेल तर त्याला टोमणे मारू नका. 'आयुष्यभर सोड' म्हणण्याऐवजी 'एका सामायिकापुरता, ४८ मिनिटे थांब' म्हणा. मग दोन सामायिके. मुदत छोटी असली की ओढ सोसवते. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण, पुढच्या काही आठवड्यांत तळमळ उतरत जाते. नुसत्या निश्चयाने जमले नाही तर उपचार घ्या. २०१६ पासून मुक्तिपथ अभियान जिल्ह्यात हेच काम करते. औषध घेणे म्हणजे व्रतभंग नव्हे.