अपघाताला विमा, उपचाराला नाही

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर, डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या मंदिरावरून रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. त्यांतील प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा काढावाच लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ही सक्ती आहे आणि तिच्यामागचा विचार साधा आहे. वाहन रस्त्यावर आणणारा माणूस इतरांच्या जिवाला धोका निर्माण करतो. अपघात झाला आणि त्याच्यापाशी भरपाई देण्याइतका पैसा नसला, तर जखमी माणसाने वाऱ्यावर राहू नये. मात्र, याच रस्त्याच्या कडेला एखाद्याने फिजिओथेरपीचे केंद्र थाटले आणि अपघातात मोडलेला पाय तेथे चुकीच्या उपचाराने कायमचा निकामी झाला, तर त्या केंद्राकडे विमा असलाच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. रस्त्यावरील हयगयीला जे संरक्षण आहे, ते उपचारातील हयगयीला नाही. ही विसंगती लहान वाटली तरी तिचा भार ज्यांच्यावर पडतो, ती माणसे लहान नाहीत.

या पट्ट्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला आणि दोघे गंभीर जखमी झाले. त्या घटनेने देशाचे लक्ष या रस्त्याकडे वेधले. परंतु ज्यांची बातमी होत नाही, असे अपघात येथील रहिवाशांच्या परिचयाचे आहेत. अस्थिभंगाच्या रुग्णाची शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. त्याला पुन्हा उभे करण्याचे काम मात्र आठवडे, कधी महिने चालते आणि ते भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हाती असते. शेतमजुरी, वीटभट्टी, मासेमारी अशा अंगमेहनतीवर जगणाऱ्या आदिवासी कुटुंबांत गुडघा वाकतो की नाही, यावर घरातील चूल अवलंबून असते. त्यामुळे या उपचारातील चूक ही केवळ वैद्यकीय बाब उरत नाही, ती थेट उपजीविकेची बाब होते.

चूक कोठे होते?

महाराष्ट्र ही भारतातील भौतिकोपचार शिक्षणाची जन्मभूमी. १९५०च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने पहिली शाळा सुरू झाली. तेव्हा हा व्यवसाय डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम चालणारा साहाय्यक व्यवसाय मानला जाई. आज अनेक रुग्ण थेट भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जातात. तपासणी, निदानाचा अंदाज आणि उपचाराची निवड या तिन्ही गोष्टी तोच करतो. निर्णयाचे स्वातंत्र्य वाढले, की जबाबदारीही वाढते. विम्याचा विचार मात्र त्या गतीने वाढलेला नाही.

‘व्यायाम आणि शेक यांत काय धोका असणार,’ हा समज चुकीचा आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या रुग्णाला गरम शेक किंवा विद्युत उपचार दिला, तर भाजत असल्याचे त्याला कळतही नाही. हृदयात पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला शॉर्टवेव्ह डायथर्मी देणे जिवावर बेतू शकते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेचा सांधा जोर लावून हलवला, तर नवा अस्थिभंग होऊ शकतो. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी असताना तेथे मालिश करणे घातक ठरते. आणि सर्वांत दुर्लक्षित चूक म्हणजे न ओळखलेला आजार. पाठदुखी म्हणून आठवडेच्या आठवडे शेक दिला जातो आणि मूळ दुखणे मणक्याचा क्षयरोग निघते. येथे भौतिकोपचारतज्ज्ञाने काही चुकीचे केलेले नसते. योग्य वेळी डॉक्टरकडे न पाठवणे, हीच चूक ठरू शकते.

न्यायालयांनी आखलेली चौकट

कायद्याची बाजू समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक जुना खटला उपयोगी पडतो. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात आणले गेले. भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि काही काळातच त्याचा मृत्यू झाला. पित्याने दिवाणी दावा लावला. ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण त्या निकालाने उपचार करणाऱ्याची तीन कर्तव्ये स्पष्ट केली. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी आणि प्रत्यक्ष उपचार देताना काळजी. भौतिकोपचाराला ही तिन्ही सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात.

पुढे १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. १९९६ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात, होमिओपॅथीची पात्रता असलेल्या व्यक्तीने ॲलोपॅथीची औषधे देणे हीच हयगय होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आपल्या पात्रतेची सीमा ओलांडणाऱ्या कोणत्याही उपचारकाला हा इशारा आहे. २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरेशी नाही, हयगय गंभीर स्वरूपाची हवी, असे सांगितले. तर २००८ च्या ‘समीरा कोहली’ निकालाने रुग्णाची माहितीपूर्ण संमती अत्यावश्यक ठरवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू झाल्यावर डॉक्टर त्यातून सुटले, असा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

नव्या कायद्यातील एक तरतूद सीमावर्ती भागासाठी विशेष महत्त्वाची आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे आता तक्रार करता येते. डहाणू-तलासरीतील रुग्ण उपचारासाठी वापी, वलसाड किंवा सिल्वासा गाठतात. पूर्वी अशा रुग्णाला दाद मागण्यासाठीही सामान्यतः तिकडेच जावे लागे. आता गुजरातमधील केंद्राविरुद्ध महाराष्ट्रात तक्रार दाखल होऊ शकते. याचा दुसरा अर्थ असा, की सीमेपलीकडच्या छोट्या केंद्रचालकालाही आता दुसऱ्या राज्यात बचाव उभा करावा लागेल. विमा नसेल, तर वकिलाचा खर्चच त्याला जड जाईल.

दंड संहितेतील फट

या सर्वांत भौतिकोपचारतज्ज्ञांच्या ध्यानात फारशी न आलेली गोष्ट फौजदारी कायद्यात आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास सर्वांनाच कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत वाढवली. मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू ओढवल्यास कमाल मर्यादा दोन वर्षांचीच ठेवली. ही सवलत कोणाला, हे कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य अर्हता असणारा आणि राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असणाराच त्यास पात्र आहे. भौतिकोपचारतज्ज्ञाचे नाव त्या नोंदवहीत नसते. म्हणजे एकाच रुग्णालयात, एकाच रुग्णाच्या बाबतीत, शल्यविशारदाला एक माप आणि भौतिकोपचारतज्ज्ञाला दुसरे. सप्टेंबर २०२५ मध्ये भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावावे की नाही, यावर आरोग्य सेवा महासंचालनालयाचे एक पत्र निघाले आणि लगोलग मागेही घेतले गेले. त्या उपाधीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी या कलमावर झाली असती तर बरे झाले असते. तुरुंगवास किंवा दंड यांची भरपाई कोणतीही विमा कंपनी करीत नाही.

विमा म्हणजे नेमके काय?

केंद्रचालकाला दोन वेगळ्या विम्यांची गरज असते आणि त्यांची गल्लत नेहमी होते. उपचारातील चुकीसाठी असतो तो व्यावसायिक हानीरक्षण विमा, म्हणजेच प्रोफेशनल इन्डेम्निटी. ओल्या फरशीवरून रुग्ण घसरला, किंवा सोबतच्या नातेवाइकावर कपाट पडले, तर लागतो तो सार्वजनिक दायित्व विमा. पहिला असला म्हणजे दुसऱ्याची जोखीम आपोआप भरून निघते, असे नाही. हाताखालील कर्मचारी असतील, तर त्यांच्या इजेसाठी भरपाईची कायदेशीर जबाबदारी आणखी वेगळी. शिवाय शेक सहायकाने दिला आणि रुग्ण भाजला, तरी उत्तरदायी मालकच असतो. केवळ स्वतःच्या नावे वैयक्तिक विमा घेतलेल्या मालकाने सहायकाची चूक त्यात धरली आहे का, हे तपासलेले बरे.

हानीरक्षण विम्यात तीन बाबींकडे बारकाईने पाहावे लागते. पहिली मर्यादा. एका दाव्यासाठी किती आणि वर्षभरातील सर्व दाव्यांसाठी किती, अशा दोन रकमा त्यात असतात. दुसरी पूर्वलक्षी तारीख. असा विमा बहुधा ‘दावा आला तेव्हा’ या तत्त्वावर चालतो. चूक घडली तेव्हा विमा होता, एवढे पुरत नाही, तक्रार आली तेव्हाही तो चालू असावा लागतो. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा केंद्र बंद करून हप्ता थांबवणारा पुढील दोन वर्षे उघड्यावर असतो. नूतनीकरणात खंड पडला, तर पूर्वीच्या वर्षांचे संरक्षणही जाऊ शकते. तिसरी बाब वगळलेल्या गोष्टींची. अपात्र व्यक्तीने दिलेला उपचार, हेतुपुरस्सर केलेले कृत्य, नशेत केलेले काम यांना संरक्षण मिळत नाही. नोंदणीशिवाय चालणाऱ्या केंद्राने विमा काढला, तरी दाव्याच्या वेळी तो कागदच ठरण्याचा संभव मोठा.

रुग्णाच्या बाजूने

विमा हा उपचारकाच्या सोयीचा विषय म्हणून मांडला जातो. वस्तुतः त्याची खरी गरज रुग्णाला आहे. २०१३ मध्ये कोलकात्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली आणि देशभरातील वैद्यकीय वर्तुळ हादरले. परंतु भरपाई ठरते ती बहुतांशी रुग्णाच्या उत्पन्नावर. अंगमेहनत करणाऱ्याच्या वाट्याला येणारी रक्कम मुळातच लहान असते आणि तीही देण्याची केंद्रचालकाची ऐपत नसेल, तर हुकूमनामा भिंतीवर टांगण्यापुरता उरतो. दायित्व विमा येथे पैसा असल्याची हमी देतो.

सरकारी रुग्णालयातील रुग्णांची कहाणी वेगळी. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतो, ते रुग्णालय शांता निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर राहते. अशा रुग्णाला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. तेव्हाच्या औरंगाबादेतील सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात टॉवेल राहून एका महिलेचा मृत्यू झाला. राज्य सरकारची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केली ती १९९६ मध्ये. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच सर्वाधिक प्रतीक्षा, असा हा हिशेब आहे.

ब्रिटनमध्ये जुलै २०१४ पासून भौतिकोपचारतज्ज्ञांसह आरोग्य व्यावसायिकांना हानीरक्षणाची व्यवस्था असणे कायद्याने बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियातही व्यवसायाच्या नोंदणीसाठी ही अट आहे. महाराष्ट्रात भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्यासाठी स्वतंत्र परिषदेचा कायदा दोन दशकांपूर्वीच झाला. केंद्राने २०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अंमलबजावणीची चालढकल इतकी, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. नोंदणीचीच घडी नीट बसलेली नसताना विम्याची सक्ती कशी करणार, हा आक्षेप त्यामुळे निराधार म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. विमा आला, की हप्ता आला आणि तो शेवटी रुग्णाच्या शुल्कात मिसळणार. शिवाय विमा कंपनीच्या संमतीवाचून चूक कबूल करू नये, अशी अट करारात असते. त्यामुळे जो उपचारक एरवी दिलगिरी व्यक्त करून मोकळा झाला असता, तोही गप्प बसतो आणि साधे गाऱ्हाणे खटल्यात जाते. हे तोटे खरे आहेत. परंतु जोखीम पुष्कळांत वाटली गेली, तर प्रत्येकाचा भार हलका होतो, हे विम्याचे मूळ सूत्र आहे. व्यावसायिकांच्या संघटनेने एकत्रित विमा घेतला, तर गावातील एकट्या केंद्रचालकालाही तो परवडू शकेल.

मार्ग फार अवघड नाही. परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणाशी हानीरक्षण विमा जोडावा, नोंदणी प्रमाणपत्राशेजारी विम्याचा तपशील दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे आणि न्याय संहितेतील फरकाबाबत केंद्राकडे पाठपुरावा करावा. तोवर रुग्णाला एवढे तरी करता येईल: उपचार सुरू करण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा आणि प्रत्येक वेळच्या शुल्काची पावती घ्यावी. ती पावती नसेल, तर ग्राहक म्हणून उभे राहणेही कठीण होते.

चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या यात्रेसाठी दूरदूरहून भाविक येतात, ते ज्या वाहनांतून येतात त्या प्रत्येकाच्या विम्याची तपासणी महामार्गावर होऊ शकते. मोडलेला पाय घेऊन त्यांतील एखादा ज्या खोलीत पुन्हा चालायला शिकतो, तेथे कोणी काही तपासत नाही. हा फरक मिटवण्यासाठी आणखी एखाद्या मोठ्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.