शाळेने मुलांच्या मागे जावे

शिक्षण म्हटले की चार भिंती, फळा, घंटा आणि हजेरीपट एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मूल शाळेत आले तर शिकले, न आले तर गळतीच्या रकान्यात गेले, अशी आपली सोयीस्कर विभागणी आहे. न येण्याचा दोष मुलाचा की शाळेचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

ताराबाई मोडक यांनी ते विचारले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या निकट गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारल्यांची मुले गुरे राखीत, धाकटी भावंडे सांभाळीत. शाळेची वेळ त्यांच्या दिवसात बसत नव्हती. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा सरळ निष्कर्ष या दोघींनी काढला. वस्तीत भरणारी अंगणवाडी आणि गुरे चरतात त्या माळावर भरणारी कुरणशाळा ही त्याचीच फळे होत. माँटेसरी पद्धतीचे तत्त्व त्यांनी सोडले नाही. महागड्या साधनांच्या जागी परिसरातील वस्तू आणल्या, इतकेच.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, त्यामागेही हीच दृष्टी होती. शेती, पशुपालन, वीज, सुतारकाम, लोहारकाम ही तेथे ज्ञानाची साधने ठरली. हाताने काम करताना पडलेले प्रश्न मुलाला विज्ञानाकडे नेतात, हे त्यातील मर्म होय.

या अनुभवांची खरी कसोटी आज उसाच्या फडावर आहे. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांची वाट धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणजे त्याचा ऐन मध्यच या मुलांच्या हातून निसटतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहेही झाली. तथापि मुख्य व्यवस्था अद्यापि इमारतीला खिळलेली आहे आणि फिरते मूल तिला अपवाद वाटते.

वर्गाबाहेरचे शिक्षण म्हणजे गरिबांसाठी दुय्यम शिक्षण, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. अर्धशिक्षित कार्यकर्त्याच्या हाती चार पाट्या देऊन शासनाने हात झटकले, तर ती फसवणूकच ठरेल. मुलाच्या श्रमाचे गोडवे गाऊन त्याला कामाला जुंपणे हेही तितकेच निंद्य आहे. म्हणून शिक्षक प्रशिक्षित व पूर्ण वेतनाचा हवा, अभ्यासक्रमाची उंची तीच हवी आणि कोपीजवळ शिकलेला प्रत्येक दिवस गावच्या शाळेच्या दप्तरी मोजला गेला पाहिजे. टोळी निघण्यापूर्वीच तिच्यातील मुलांची यादी कारखान्याच्या गावच्या शाळेकडे पोहोचावी आणि शिक्षकाची नेमणूक त्या यादीवरून व्हावी, हे अशक्य नाही. ऊस कोठून किती येणार याचा हिशेब कारखाना आधीच मांडतो; मुले किती येणार याचा मांडता येऊ नये काय?

भिंती शिक्षणाच्या सोयीसाठी उभारल्या गेल्या. त्या आड येत असतील, तेथे शिक्षकाने उंबरठा ओलांडला पाहिजे.