सीमा आधी, व्यापार मागाहून

ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा त्याची सर्वाधिक झळ बसणार होती ती आयर्लंडला. १९७३ मध्ये दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय समुदायात दाखल झाले होते. आता थोरला शेजारी बाहेर पडत होता आणि धाकट्याला आतच राहायचे होते.

डब्लिनपुढे काळज्या पुष्कळ होत्या. ब्रिटनच्या बाजारात जाणारे गोमांस आणि चीज, ब्रिटनमार्गे युरोप गाठणारे ट्रक, दोन्ही देशांतील लोकांची मुक्त ये-जा. व्यापाराचा हिशेब पुढे करून लंडनशी परस्पर तडजोड करण्याचा मोह कोणत्याही सरकारला झाला असता. आधी एन्डा केनी आणि २०१७ पासून लिओ वराडकर यांच्या सरकारांनी तो टाळला. ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा तपासणी नाके उभे राहता कामा नयेत, ही मागणी त्यांनी सर्वांत वर ठेवली. हा क्रम अचूक होता, असे आमचे ठाम मत आहे.

सुमारे पाचशे किलोमीटरच्या या सीमेवरून दोनशेहून अधिक रस्ते जातात. डंडॉकहून न्यूरीला निघालेल्या चालकाला हद्द कळते ती वेगमर्यादेच्या पाटीवरून. किलोमीटर संपून मैल सुरू होतात, एवढेच. डब्लिनमध्ये तयार झालेली गिनेस बिअर टँकरने बेलफास्टला जाते, डबा-बाटलीत भरली जाते आणि निर्यातीसाठी डब्लिन बंदरात परत येते. डोनेगलचा कर्करुग्ण रेडिओथेरपीसाठी हद्द ओलांडून डेरीच्या रुग्णालयात जातो. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराआधीच्या तीस वर्षांत याच भूमीवर साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपीय नेत्यांच्या भोजनाला जाताना वराडकरांनी एक वर्तमानपत्र सोबत नेले. न्यूरीच्या सीमाशुल्क नाक्यावर १९७२ मध्ये झालेल्या आणि नऊ जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटाची हकिगत त्यात होती. मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे गाव. कोकणाला त्यांचे कौतुक नात्यापोटी आहे. ते या मुत्सद्देगिरीपोटीही असावे.

वाटाघाटी सुरू होण्याआधीच, एप्रिल २०१७ मध्ये, युरोपीय संघाने आयर्लंडचा प्रश्न पहिल्या टप्प्यात घेतला. छोट्या देशाचे गाऱ्हाणे सत्तावीस देशांची अट बनले. भूसीमा मोकळी राहिली. मात्र त्याच्या बदल्यात ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी बंदरांवर आली आणि ती बोच युनियनिस्टांना, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्यांना, लागली. सर्वांत मोठ्या युनियनिस्ट पक्षाच्या बहिष्कारामुळे बेलफास्टचे प्रांतिक सरकार दोन वर्षे ठप्प झाले. ही तपासणी सैल करणाऱ्या २०२३ च्या विंडसर करारानेही बहिष्कार लगेच मागे घेतला गेला नाही. फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला.

डब्लिनचे उणे इथे आहे. ब्रसेल्स आणि बर्लिन पटवण्यात जेवढी वर्षे आणि माणसे खर्ची पडली, तेवढी बेलफास्टच्या युनियनिस्ट वस्त्यांसाठी पडली नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील विधानसभेने ही व्यापारव्यवस्था पुढे चालू ठेवली, पण एकाही युनियनिस्ट सदस्याने तिच्या बाजूने मत दिले नाही. पुढचा कौल २०२८ मध्ये आहे. तोवर डब्लिनच्या परराष्ट्र खात्याने आपले सर्वांत कसलेले अधिकारी या मतदारांशी बोलायला पाठवावेत. पुन्हा लंडन आणि ब्रसेल्समध्येच बैठका होत राहिल्या, तर पुढच्या कौलातही हीच फाळणी दिसेल.