उलटी लेन्स आणि आजीची पैठणी

परवा लंचला एका कलीगने विचारलं, "मॅक्रो लेन्स ईएमआयवर घेऊ का रे?" मी विचारलं, "फोटो कशाचे काढणारेस?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "ते बघू नंतर!"

मंडळी, माझा मुद्दा नेमका इथेच आहे. सलीम अली सरोवरावर फुलपाखरांमागे हिंडायचं असेल तर नवी मॅक्रो लेन्स जरूर घ्या, ऑटोफोकस कामी येतो. पण अशा बहुतेक लेन्स एकास एकवर थांबतात. त्यापुढे तीन-चार पट जायचं, तर ऑटोफोकस फारसा उपयोगाचा नाही. तिथे जुनी स्वस्त लेन्स म्हणजे गरिबाची सोय नव्हे, चांगलं हत्यार आहे.

माझी आली औरंगपुऱ्यातल्या एका स्टुडिओवाल्या काकांकडून. त्यांच्या कपाटात सोव्हिएत काळातला एक झेनिट पडून होता, त्यावर 58 मिलिमीटरची हेलिओस. 700 रुपयांत दोन्ही मिळालं. घेताना टॉर्च मारून काचेत बुरशी नाही ना, एवढं बघितलं.

गंमत अशी की ही लेन्स उलटी लावायची. साधी लेन्स लांबची मोठी वस्तू फिल्मवर लहान करते, तर उलटी केली की लहान वस्तू मोठी करणारच. माझ्या झूमवर 200 मिलिमीटर ठेवून पुढे एका स्वस्त रिंगने हेलिओस तोंडाला तोंड लावून बसवली. 200 भागिले 58, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट! फ्रेममध्ये मावतं जेमतेम साडेसहा मिलिमीटर. छिद्र लहान-मोठं करायची रिंग लेन्सवरच आहे, त्यामुळे उलटी असली तरी काही अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. एफ 8 ला फोकसमध्ये येतो मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, आणि छिद्र आणखी बारीक केलं तर फोटो मऊ पडतो. म्हणून थोडं थोडं सरकत पाच-सहा फोटो काढून ते जोडायचे. सरकायला महागडी रेल कशाला? कॅमेरा ट्रायपॉडवर खाली तोंड करून, वस्तू काचेवर, काचेखाली प्रिंटरच्या कागदांची चळत. एक कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड. एकेक काढत जा! जोडणी हगिनसोबत फुकट मिळणाऱ्या एन्फ्यूजमध्ये. वाचलेले पैसे दिवा आणि भक्कम ट्रायपॉडवर घाला.

आता 'कशाचे फोटो' याचं माझं उत्तर. आजीची पैठणी विरत चालली होती आणि आई ती जुनी जर घेणाऱ्याला द्यायचं म्हणत होती. ते लोक जर वितळवून चांदी काढतात. मी म्हटलं, द्यायच्या आधी एक रविवार मला दे.

स्क्रीनवर पदर आला आणि आई चहा विसरली. जर म्हणजे सोन्याचा सरळ धागा असं मला वाटायचं. पण ती निघाली रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चपटी पट्टी, अगदी स्प्रिंगसारखी! धातू कोणता ते फोटोवरून कळत नाही, त्याला तपासणीच लागते. पण काठाजवळ वेगळंच दिसलं. जर तुटलेल्या जागी कोणीतरी साध्या पिवळ्या सुती दोऱ्याने रफू केलं होतं. इतकं बारीक, की इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आईचं काम आहे हे," आई म्हणाली. "शेवटी शेवटी तिला दिसायचं नाही, तरी सुई सोडायची नाही."

साडी गेली नाही. मऊ सुती कापडात गुंडाळून पुन्हा कपाटात आहे.

तर कलीगला सांगितलं, घे रे लेन्स, तुझे पैसे आहेत. पण आधी घरातलं एखादं जुनं कपाट उघड. बघण्यासारखं काही सापडलं, तर माझी हेलिओस पुढच्या शनिवारी घेऊन जा. सोमवारी परत मात्र कर!